सुनीता नावाची बाई इथं राहत नाही

पाच महिने माझ्या आजाराची औषधं सुनीता काळे नावाच्या बाईनं घेतली. दवाखान्याच्या रांगेत ती उभी राहायची, बाकावर ती बसायची, डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरंही तीच द्यायची. केसपेपरवर तिचं वय पस्तीस होतं आणि गाव आमचंच. पण अशी बाई आमच्या पिढीत नाही, कधी नव्हतीही.

पारध्यांच्या वस्तीला आमच्याकडं पिढी म्हणतात. तेरच्या एस.टी.तून फाट्यावर उतरलं की उसाच्या फडांमधून मातीचा रस्ता जातो. त्याच्या टोकाला आमची वीस-पंचवीस घरं आहेत. तिथल्या अंगणवाडीत मी मदतनीस आहे. खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते, वजनकाट्यावरून पळणाऱ्यांना धरून आणते. माझं खरं नाव कचेरी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझे वडील कुठल्याशा संशयावरून आत होते. त्यांना सोडवायला आई तहसील कचेरीत गेली, दिवसभर पायरीवर बसली आणि तिथंच आवारातल्या झाडाखाली मी झाले. आमच्यात अशी नावं ठेवतात. माझ्या पाठच्या भावाचं नाव रेडिओ आहे, कारण त्या साली घरात रेडिओ आला होता. त्याचं नशीब चांगलं.

हे लिहायला मला वैशालीताईंनी सांगितलं. त्या धाराशिवच्या दवाखान्यात मनाच्या आजाराच्या लोकांशी बोलायचं काम करतात. त्या म्हणाल्या, "कचेरीबाई, आम्ही सांगितलेलं बायका ऐकून घेतात, मान हलवतात आणि परत येत नाहीत. तुम्ही लिहा." दहावी पास असल्याचा उपयोग कधीतरी करावा म्हणून लिहिते आहे. घरात आम्ही आमच्या पारधी बोलीत बोलतो. इथं सगळ्यांचं बोलणं मराठीत लिहिलं आहे, तेवढं समजून घ्या.

पातेलं

मी आजारी पडले त्या साली दिवाळी होऊन गेल्यावर जवळच्या एका गावात चोरी झाली. चोरी कुठंही झाली की गाडी पहिल्यांदा आमच्याकडं येते, हे आम्हाला नवीन नाही. भर दुपारी आली. रेडिओ आमच्याच पिढीत राहतो, त्याला घेऊन गेले. मी हातात खिचडीचा डाव घेऊन अंगणवाडीच्या दारात उभी होते. एका साहेबांनी मला विचारलं, "तुझं नाव काय गं?" माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाही. ते दोनदा विचारून पुढं गेले.

रेडिओला दोन दिवसांनी सोडलं. चोर दुसरीकडंच सापडले होते. तो घरी आला, जेवला, झोपला आणि तिसऱ्या दिवशी टोळीबरोबर ऊस तोडायला गेला. तो ठीक होता. बिघडले मी.

आधी झोप गेली. मग रस्त्यावर गाडीचा आवाज आला की हातातलं काम सुटायला लागलं. पुढं पुढं गाडी नसली तरी सुटायचं. अन्नावरची वासना उडाली. नवरा, अंकुश, कारखान्याच्या हंगामात ढोकीला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो. त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज मी बारा वर्षं ओळखते, पण तोही ऐकू आला की मी दाराआड जायची.

एका सकाळी मी पातेल्यात डाळ-तांदूळ टाकले आणि पाणी ओतायला हात उचलेना. तांब्या समोर होता. मी त्याच्याकडं बघत बसले. डाळ-तांदूळ करपले, धूर झाला, पोरं खोकायला लागली. सेविका मंगलबाई पळत आल्या. "अगं कचेरी, झोप लागली का काय तुला?"

मी जागी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली.

अजून एक गोष्ट झाली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. माझे वडील फासे लावून तितर धरायचे. आता त्याला बंदी आहे आणि ते बरंच आहे. पण तितराची बोली त्यांनी मला शिकवली होती. अंगणवाडीत पोरं फार गोंधळ करायला लागली की मी तोंडाला हात लावून तितरासारखी ओरडायची. सगळी पोरं एकदम गप्प होऊन दाराकडं बघायची. पिढीत ही बोली माझ्याएवढी हुबेहूब दुसऱ्या कुणाला येत नाही, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते. त्या दिवसांत मी तोंडाला हात लावायची आणि नुसती वाफ निघायची.

अंकुशला कळत नव्हतं. "तुला कमी काय हाय?" असं तो विचारायचा. "पगार हाय, लेकरं आश्रमशाळेत हाईत, मी दारू पीत न्हाय, मग रडायलीस कामून?" तो खोटं बोलत नव्हता. मला काहीच कमी नव्हतं, आणि ते ऐकलं की मला आणखी रडू यायचं. मग तोच चुलीपुढं बसून भाकरी थापायचा. एवढी वेडीवाकडी भाकरी मी जन्मात पाहिली नव्हती, आणि तीही मला गिळवत नव्हती.

एक दाणा

माझी सासू झुंबरबाई. मी तिला आत्या म्हणते. अंगानं काटकुळी, आवाज मात्र फाट्यापर्यंत जाईल असा. देवी तिच्या अंगात येते आणि तिच्या दाण्यांना पिढीत मान आहे.

दाणे म्हणजे असं. काही ठरवायचं असलं की आत्या आमचे देव बांधून ठेवलेल्या गाठोड्याकडं तोंड करून बसते, ज्वारीची चिमूट घेते आणि दोन-दोनच्या जोड्या लावते. सगळ्या जोड्या लागल्या तर देवीचा होकार. एक दाणा उरला तर नकार. त्यावर पुन्हा बोलणं नाही. अंकुशला लग्नाआधी पुण्याला चांगली नोकरी मिळत होती. एक दाणा उरला. तो गेला नाही. आत्याचं स्वतःचं डोळ्याचं ऑपरेशन दोन वर्षं लांबलं, तेही एका दाण्यानं. म्हणजे ती दुसऱ्यालाच धाक घालणाऱ्यातली नाही.

मंगलबाईंनी घरी येऊन सांगितलं, "झुंबरबाई, हिला धाराशिवला न्या. तिथं मनाच्या आजाराचे डॉक्टर हाईत." आत्यानं दाणे टाकले. एक उरला.

"दवाखाना न्हाय," आत्या म्हणाली. "हिला देवीनं धरलंय. देवीच सोडंल."

मग तीन आठवडे देवीचं चाललं. मी त्याला नावं ठेवणार नाही. आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून रोज अंगारा लावला, आणि त्या हातानं मला घटकाभर बरं वाटायचं. पण झोप येत नव्हती. शेवटी आत्याला बाजाराचं सांगून अंकुशनं मला एका खासगी डॉक्टरकडं नेलं.

तिथं आम्ही मोठा गोंधळ केला. डॉक्टरांनी विचारलं, "कानात आवाज येतात का? कुणी बोलल्यासारखं?" मी म्हटलं, येतात. अंकुशनं भर घातली, "देवी बोलती की, साहेब. घरातच हाय." आमच्या मते आम्ही खरं सांगितलं होतं. देवी आत्याच्या तोंडून बोलते, सगळी पिढी ऐकते. डॉक्टरांना काय वाटलं असेल ते आज कळतं. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी मी चार दिवस झोपले, तोंडातून लाळ गळायची, जीभ जड व्हायची. पाचव्या दिवशी अंकुशनं गोळ्या उचलून कडुलिंबाच्या बुंध्याशी पुरल्या. त्यांनी विचारलं तेवढं आम्ही सांगितलं, सांगितलं तेवढं त्यांनी ऐकलं. त्यांच्यावर माझा राग नाही.

खिडकीपुढं

पुन्हा बाजाराचं सांगून आम्ही धाराशिवला गेलो. पहाटेची एस.टी., मग चालत दवाखाना, मग केसपेपरची रांग. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

समोर वही असलेल्या माणसाला पारध्यानं खरं नाव सांगायचं नसतं. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, दुधाबरोबरच पोटात जातं. आपलं नाव एकदा वहीत गेलं की कधी, कुठल्या गुन्ह्यात वर येईल सांगता येत नाही. त्यात माझं नाव कचेरी. सांगितलं की माणूस आधी हसतो, मग विचारतो, "पारधी का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सुनीता." शाळेतल्या आमच्या बाईंचं नाव ते. नीटनेटकी साडी, खांद्याला पर्स. त्यांचं नाव ऐकून कुणी हसत नसे. अंकुशनं माझ्याकडं बघितलं आणि पुढं आडनाव जोडलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून सांगितलं की हा नैराश्याचा आजार आहे, त्याच्याबरोबर भीतीचा आजार आहे, आणि दोन्ही बरे होतात. खरं सांगते, मला रडू आलं ते आनंदानं. मी आळशी नव्हते, माजलेली नव्हते, मला कुणी करणी केली नव्हती. मी आजारी होते.

मग वैशालीताईंच्या खोलीत पाठवलं. लहान खोली, आवाज करणारा पंखा. ताईंनी एक छापील कागद काढला. गेल्या पंधरा दिवसांत किती दिवस उदास वाटलं? अजिबात नाही, काही दिवस, बरेच दिवस, रोज? मी प्रत्येक प्रश्नाला "काही दिवस" म्हटलं. चौकशीत असंच बोलायचं असतं, ना इकडं ना तिकडं. नऊ प्रश्न झाल्यावर ताईंनी कागद उलटा ठेवला.

"हे जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी कुणाला असं झालं तर काय म्हणतात?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मग मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगितली. तितराचा पाय फाशात अडकला की तो आधी फडफडतो. मग एकदम गप्प बसतो. लहानपणी मला वाटायचं, तो शांत झाला. वडील म्हणायचे, "तो शांत न्हाय पोरी. त्यानं सोडून दिलंय. फडफडतोय तवर त्याच्यात जीव हाय."

"मग तुमचं आज कसं आहे?" ताईंनी विचारलं. "फडफड का गप्प?"

"गप्प," मी म्हटलं.

त्यानंतर दर महिन्याला त्यांनी मला तेवढंच विचारलं. छापील कागद पुन्हा काढला नाही. देवीचंही त्यांनी नीट विचारून घेतलं. कुणाच्या अंगात येते, तेव्हा कोण कोण ऐकतं, तुम्हाला त्याची भीती वाटते का आधार वाटतो. मी म्हटलं, "आधार. ती आत्याच्या तोंडून सगळ्यांनाच ऐकू येती, ताई. मला एकटीला यायला लागली तर तुम्हाला सांगंन." ताई हसल्या आणि डॉक्टरांना जाऊन सांगून आल्या.

गोळ्या लागायला तीन-चार आठवडे गेले. आधी झोप आली. मग भूक. तिसऱ्या महिन्यात मी अंकुशच्या भाकरीला नावं ठेवली, तर तो एवढा खूश झाला की काय सांगू. चौथ्या महिन्यात ताईंच्या खोलीत मी तितराची बोली काढून दाखवली. बाहेर रांगेत भांडण चाललं होतं, ते एकदम थांबलं. शिपाई खोलीत डोकावून पक्षी शोधायला लागला.

आधार

पाचव्या महिन्यात खिडकीतून सांगितलं, "पुढल्या बारीला आधार कार्ड घेऊन या. सगळं कम्प्युटरवर करायचंय."

त्या माणसानं वाईट काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनाच सांगत होता. पण माझ्या आधारवर कचेरी आहे, आणि त्याच्या पुढ्यातल्या कागदावर सुनीता. सरकारी दवाखान्यात खोटं नाव सांगितलं, पाच महिने फुकट औषधं घेतली. घरी येईपर्यंत एस.टी.त मी स्वतःवर केसही लावली आणि शिक्षाही ठरवली.

पुढच्या महिन्यात मी गेलेच नाही. गोळ्या संपल्या. अंकुशला सांगितलं की डॉक्टरांनीच बंद केल्यात. त्याचा विश्वास बसला, कारण त्याला तसंच हवं होतं.

वाचणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की गोळ्या अशा मनानं बंद करू नका. पंधरा दिवस ठीक गेले. मग सगळं परत आलं, पहिल्यापेक्षा जोरानं. या वेळी मरण्याचे विचार यायला लागले. तेही शांतपणे यायचे, याची मला जास्त भीती वाटते आता. लेकरं आश्रमशाळेत आहेत, अंकुश सांभाळून घेईल, असा मी सगळा हिशोब मनातल्या मनात मांडला होता. अंगणवाडीत जाणं थांबलं. मंगलबाई चार दिवस स्वतः खिचडी करत होत्या आणि वर कळवत नव्हत्या. त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. नुसती गप्प पडून होते. आत्या रोज दारात येऊन बघायची आणि परत जायची.

कडुलिंबाखाली

एका दुपारी मी आत भिंतीकडं तोंड करून पडले होते. बाहेर हापशावर बायका होत्या. अनोळखी आवाज आला.

"सुनीता काळे कुठं राहतात?"

वैशालीताईंचा आवाज.

हापशाचा खडखडाट थांबला. "कोण सुनीता?" "काळे तर समदेच हाईत हितं." "सुनीता न्हाय बा कुणी." "नावच ऐकलं न्हाय." एकीमागून एक बायका सांगत होत्या आणि एकही खोटं बोलत नव्हती.

"पस्तीसएक वर्षांच्या आहेत," ताई म्हणाल्या. "गाव हेच सांगितलं होतं."

"सांगितलं आसंल. अशी बाई हितं राहत न्हाय."

मी उठले नाही. आवाज द्यावा असं मनातही आलं नाही. मला वाटलं, बरं झालं, आता जातील. मला सोडवायला आलेलं माणूस दारातून परत चाललं होतं आणि मला हायसं वाटत होतं. एवढी आजारी होते मी.

पण ताई गेल्या नाहीत. आमच्या दारापुढं कडुलिंब आहे, ऊन म्हणून त्या त्याखाली बसल्या. दार अर्धं उघडं होतं, मी कूस बदलली तर फटीतून दिसत होतं. त्यांनी हातातली वही पिशवीत घातली, पिशवी बाजूला ठेवली आणि अंगणात असलेल्या आत्याकडं पाणी मागितलं. आत्यानं आमच्या तांब्यातलं पाणी दिलं, ते त्या सगळं प्याल्या.

"कुठल्या खात्याच्या तुमी?" आत्यानं विचारलं.

"दवाखान्याच्या."

"दवाखान्यात चोरी झाली व्हय?"

"न्हाई हो, आजी. एक बाई यायच्या, त्या यायच्या थांबल्या. मला काळजी वाटायली."

"काय केलंय तिनं?"

"काही न्हाई. आजारी आहेत."

आत्यानं रिकामा तांब्या उचलला. मग म्हणाली, "दिसती कशी?"

ताई म्हणाल्या, "दिसायला... आता काय सांगू. तितराची बोली काढतात. एकदा माझ्या खोलीत काढली, तर बाहेरची रांग गप्प झाली."

आत्याची मान हळूच दाराकडं वळली. तिला सगळं कळलं. महिन्याच्या महिन्याला बाजाराला जाणं, परत येताना पिशवीत भाजी नसणं, मधल्या काळात माझं हसणं-बोलणं आणि आता हे.

ती उठून आत आली. माझ्याकडं बघितलंही नाही. कणगीतली ज्वारीची चिमूट घेतली, देवाच्या गाठोड्याला हात जोडले आणि उंबऱ्याच्या आतच फतकल मारून बसली. ताईंना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. ती काय विचारत होती ते मला ठाऊक होतं. सांगू का नको.

दोन. दोन. दोन. दोन. दोन.

एक उरला.

मी डोळे मिटून घेतले. देवीनं माझ्याबाबतीत दुसऱ्यांदा नकार दिला होता. आत्याच्या दाण्यापुढं बोलणं नसतं, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

काही आवाज नाही म्हणून मी पुन्हा बघितलं. आत्या त्या एकट्या दाण्याकडं बघत बसली होती. मग तिनं तो दाणा दोन बोटांनी उचलला, तोंडात टाकला, चावला आणि गिळून टाकला.

"जोड्या लागल्या," ती मोठ्यानं म्हणाली, फाट्यापर्यंत जाईल अशा आवाजात. "कचेरी, ऊठ. भाईर ये. तुझं माणूस आलंय."

मला उठवेना. मग तीच आली, काखेत हात घालून मला उभं केलं आणि कडुलिंबाखाली नेऊन बसवलं. एवढ्याशा बाईच्या अंगात ते बळ कुठून आलं देव जाणे.

"सुनीताबाई," ताई म्हणाल्या.

"म्या सुनीता न्हाय, ताई," मी म्हटलं आणि बांध फुटला. नाव सांगितलं, कचेरीची पायरी सांगितली, आधार कार्ड सांगितलं, केस होईल म्हणून आले नाही ते सांगितलं. मरणाचे विचार सांगितले. आत्या ऐकत होती, हापशावरच्या बायका ऐकत होत्या. मी आता कशाचीच पर्वा केली नाही.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कचेरीबाई, पेपरवरचं नाव बदलता येतं. त्याला काही केस-बिस होत न्हाई." आणि मग विचारलं, "आज कसं आहे? फडफड का गप्प?"

"आत्तापासून फडफड," मी म्हटलं.

त्या दुपारी ताई अंकुश येईपर्यंत थांबल्या. मला एकटं ठेवायचं नाही, हे त्याला आणि आत्याला समजावून सांगितलं. रात्री आत्या माझ्या हाताला स्वतःच्या पदराचं टोक बांधून झोपली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पहिल्या एस.टी.नं गेलो.

तीन खिडक्या

ताईंनी सोपं सांगितलं होतं, पण नाव बदलायला तीन खिडक्या आणि दोन तास लागले. पहिल्या खिडकीनं दुसरीकडं पाठवलं, दुसरीचा माणूस चहाला गेला होता. तिसऱ्या खिडकीतल्या माणसानं आधार बघितलं आणि तो हसलाच. "कचेरी? हे नाव हाय?"

"व्हय," आत्या माझ्या पाठीमागून म्हणाली. "तुमचं काय हाय?"

त्यानं नाव सांगितलं. आत्या म्हणाली, "आसू द्या. चालतंय." पाठीमागची रांग हसली, तोही हसला आणि त्यानं कम्प्युटरवर माझं नाव घातलं. केसपेपर हातात आला. कचेरी अंकुश काळे. मी तो घडी न घालता घरापर्यंत आणला.

त्याला आता दीड वर्ष झालं. गोळ्या कमी झाल्यात, पूर्ण बंद नाहीत, आणि डॉक्टर म्हणतील तोवर घेणार. गाडीचा आवाज आला की हात अजून थांबतो, पण मी दाराआड जात नाही. पोरं पुन्हा तितराला फसतात. भाकरी अंकुश अजून कधी कधी करतो, सुधारणा काही नाही.

त्या दाण्याविषयी मी आत्याला कितीतरी दिवस विचारलं नाही. एकदा दोघी शेळ्यांमागं होतो, तेव्हा धीर करून म्हटलं, "आत्या, त्या दिवशी जोड्या लागल्या न्हवत्या."

ती चालतच राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय मला. देवीला जाब म्या दीन. तू गोळी खाल्लीस का?"

पेन्सिल

आता आसपासच्या पिढ्यांतून कुणी बाई दवाखान्यात जायला तयार झाली की मंगलबाई मला निरोप देतात आणि मी सोबत जाते. मागच्या महिन्यात एक पोरगी आली. विशीतली, बाळंत होऊन तीन महिने झालेली, बाळाकडं बघायचीसुद्धा नाही. तिची सासू बाळ घेऊन मागं बसली होती. ताईंनी विचारलं, "नाव काय बाळा?"

पोरीनं वहीकडं बघितलं, मग खाली. "सुनीता," ती म्हणाली.

मला हसू आवरेना. जिल्ह्यातल्या आजारी पारधिणी सगळ्या सुनीताच निघायच्या बहुतेक. ताईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग त्यांनी टेबलावरचा पेन बाजूला सारला, खणातून पेन्सिल काढली आणि वहीत शांतपणे लिहिलं, सुनीता. आमच्या बायकांसाठी ती पेन्सिल त्यांनी वेगळी ठेवली आहे.

परत येताना फाट्यावर उतरायच्या आधी मी तिला माझं नाव सांगितलं, कुठं जन्मले तेही सांगितलं. ती पहिल्यांदाच जरा हसली. तिचं नाव मी विचारलं नाही.

परवा ती दुसऱ्यांदा आली. या वेळी बाळ तिच्या स्वतःच्या मांडीवर होतं. ताईंनी तीच वही उघडली आणि विचारलं, "सुनीता, कसं वाटायलंय आता?"

पोरगी उगाच बाळाचं टोपरं सारखं करत बसली. मग तिनं टेबलावरचं खोडरबर उचललं आणि ताईंच्या पुढ्यात ठेवलं.